कॉन्फिगरेशन फाइलीतील मजकुराचे विदाप्रकारांत रूपांतर : स्वरूप, धोके आणि पद्धती

सारांश : संगणकप्रणालीने कसे वागावे हे ठरवणारी मूल्ये बहुधा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असतात. त्या मजकुरातून संख्या, सत्यासत्य, दिनांक, रक्कम यांसारखी मूल्ये घडवताना होणाऱ्या चुका पुष्कळदा कोणताही त्रुटीसंदेश न देता घडतात आणि त्यांचा परिणाम फाइलीपासून फार दूर, एखाद्या विद्यार्थ्याच्या नावासमोर दिसतो. पायथन, जावा, पीएचपी, जावास्क्रिप्ट या भाषा व आयएनआय, यामल, जेसॉन, टॉमल ही फाइलस्वरूपे यांच्या आधारे या रूपांतराचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : कॉन्फिगरेशन फाइल, विदाप्रकार, अक्षरमाला, बूलियन, यामल, विधिग्राह्यता तपासणी

१. प्रास्ताविक

प्रवेश, शुल्क, उपस्थिती, अंतर्गत गुण ही महाविद्यालयीन कार्यालयाची कामे आज संगणकप्रणालीद्वारे होतात. या प्रणालींमध्ये काही मूल्ये अशी असतात की जी नियमाप्रमाणे बदलतात. किमान उपस्थिती ७५ टक्के, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा, अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख, विलंब शुल्क ही त्यांची उदाहरणे होत. अशी मूल्ये प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवली तर दर वर्षी प्रोग्रामलाच हात घालावा लागतो. म्हणून ती स्वतंत्र फाइलीत, मनुष्याला वाचता व बदलता येईल अशा मजकुरात ठेवण्याची प्रथा पडली. तिलाच कॉन्फिगरेशन फाइल म्हटले जाते. युनिक्समध्ये ही प्रथा जुनीच आहे. विंडोज ३.१ या १९९२ सालच्या आवृत्तीतील ‘विन डॉट आयएनआय’ ही फाइल अनेक ज्येष्ठ प्राध्यापकांच्या स्मरणात असेल.

सोय अशी की कार्यालयातील कोणीही ती फाइल उघडून ‘७५’ च्या जागी ‘८०’ लिहू शकते. अडचणीचे मूळही याच सोयीत आहे. फाइलीत जे लिहिले जाते ती संख्या नसते, तो मजकूर असतो. रोमन अंकांत लिहिलेला ७५ हा आकडा फाइलीत दोन स्वतंत्र चिन्हांच्या रूपाने साठवलेला असतो व आस्की संकेतानुसार त्या चिन्हांचे क्रमांक अनुक्रमे ५५ आणि ५३ असे आहेत. संख्या या नात्याने पंचाहत्तर संगणकाच्या स्मृतीत साठवायचे झाल्यास १००१०११ हे द्विमान रूप लागते. या दोहोंत कोणतेही नैसर्गिक नाते नाही. ते नाते कोणीतरी जोडावे लागते, आणि ते कोण, केव्हा व कोणत्या नियमाने जोडतो यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

२. मजकूर आणि मूल्य

प्रोग्रामिंगच्या परिभाषेत मजकुराला स्ट्रिंग म्हणजे अक्षरमाला म्हणतात. पूर्णांक, दशांश, बूलियन म्हणजे सत्यासत्य, दिनांक हे इतर विदाप्रकार होत. विदाप्रकार ठरला की त्या मूल्यावर कोणत्या क्रिया करता येतील आणि त्यांचा अर्थ काय, हे ठरते. दोन पूर्णांकांची तुलना परिमाणाने होते, तर दोन अक्षरमालांची तुलना शब्दकोशाप्रमाणे पहिल्या चिन्हापासून. त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये ‘१००’ व ‘७५’ ही दोन्ही मूल्ये अक्षरमाला असतील तर १०० हे ७५ हून लहान ठरते, कारण एक हे चिन्ह सातच्या आधी येते. शंभर टक्के उपस्थिती असलेला विद्यार्थी अपात्रांच्या यादीत जाण्यास एवढे पुरेसे आहे. त्याच भाषेत ‘७५’ या अक्षरमालेत ५ ही संख्या मिळवली तर उत्तर ८० येत नाही, ‘७५५’ येते.

पायथन २ मध्ये याहून विचित्र स्थिती होती. तेथे संख्या आणि अक्षरमाला यांची तुलना करण्यास मज्जाव नव्हता, आणि कोणतीही संख्या कोणत्याही अक्षरमालेपेक्षा लहानच ठरे. फाइलीतून वाचलेले ‘७५’ तसेच ठेवले तर सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती कमी असल्याचा निष्कर्ष निघत असे. २००८ साली आलेल्या पायथन ३ ने ही तुलना नाकारली व तेथे त्रुटी दाखवून थांबण्याचा नियम केला. अनेकांना तेव्हा हा बदल जाचक वाटला असला तरी तो हितकारक होता.

पायथनच्या प्रमाणित संचातील ‘कॉन्फिगपार्सर’ हे साधन आयएनआय पद्धतीची फाइल वाचते आणि प्रत्येक मूल्य अक्षरमाला म्हणूनच परत देते. ते स्वतः काहीही ओळखण्याचा प्रयत्न करीत नाही. पूर्णांक हवा असेल तर ‘गेटइंट’, दशांश हवा असेल तर ‘गेटफ्लोट’, सत्यासत्य हवे असेल तर ‘गेटबूलियन’ असे वेगळे मागावे लागते. नवख्या विद्यार्थ्याला हा आडमुठेपणा वाटतो. परंतु मूल्याचा प्रकार कोणता हे फाइलीला ठाऊक नसते, ते प्रोग्रामला ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते सांगावे, ही भूमिका तर्काला धरून आहे.

३. ‘फॉल्स’ जेव्हा सत्य ठरते

सर्वाधिक फसगत सत्यासत्य मूल्यांबाबत होते. समजा फाइलीत ‘डीबग = फॉल्स’ अशी ओळ आहे. (मूळ फाइलीत असे शब्द रोमन लिपीत असतात, येथे ते नागरीत दिले आहेत.) ‘डीबग’ म्हणजे प्रोग्राममधील दोष शोधताना आतील सर्व तपशील पडद्यावर दाखवण्याची अवस्था. ती विकासकाच्या यंत्रावर उपयोगी असते. प्रत्यक्ष वापरातील प्रणालीत ती चालू राहिली तर एखादी त्रुटी येताच फाइलींचे मार्ग, चलांची मूल्ये, विदागाराविषयीचे तपशील कोणत्याही अनोळखी व्यक्तीसमोर उघडे पडू शकतात.

आता ‘फॉल्स’ हा मजकूर पायथनच्या ‘बूल’ या फलनाला दिला तर उत्तर ‘ट्रू’ येते. कारण पायथनमध्ये रिकामी अक्षरमाला असत्य मानली जाते व एकही चिन्ह असलेली अक्षरमाला सत्य मानली जाते. ‘फॉल्स’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. शब्दात अक्षरे आहेत, एवढेच पाहिले जाते. म्हणजे ज्याने काळजीपूर्वक सुरक्षेसाठी ‘फॉल्स’ लिहिले, त्याच्याच प्रणालीत दार उघडे राहते. संगणकाच्या वातावरणचलांतून मूल्ये घेणाऱ्या प्रणालींमध्ये हा प्रमाद विशेष आढळतो, कारण वातावरणचले नेहमी अक्षरमालाच असतात.

‘गेटबूलियन’ हे फलन मात्र शब्द वाचते. ‘वन’ म्हणजे १ हा अंक, ‘येस’, ‘ट्रू’, ‘ऑन’ ही त्याच्या लेखी सत्य, तर ०, ‘नो’, ‘फॉल्स’, ‘ऑफ’ ही असत्य. लहानमोठ्या रोमन अक्षरांचा भेद ते मानत नाही. या आठांपलीकडचे काहीही आले तर ते त्रुटी दाखवते. या शेवटच्या वाक्यात त्याचे खरे मोल आहे. तुलनेसाठी जावातील ‘पार्सबूलियन’ पाहावे. ते केवळ ‘ट्रू’ या शब्दाला सत्य मानते व उरलेल्या प्रत्येक मजकुराला, मग तो ‘येस’ असो, ‘ऑन’ असो की टंकलेखनातील चूक असो, मुकाट्याने असत्य ठरवते. ‘पाठराखण_चालू = येस’ असे लिहून निर्धास्त झालेल्या प्रशासकाला विदेची प्रत कधी घेतलीच गेली नाही हे त्या प्रतीची गरज पडेल त्या दिवशी कळते. असत्य हे निरुपद्रवी मूल्य आहे हा समज अशा ठिकाणी महागात पडतो.

४. न विचारता केलेले रूपांतर

दुसऱ्या टोकाला यामल हे फाइलस्वरूप आहे. २००१ साली पुढे आलेल्या या स्वरूपाचा हेतू मनुष्यस्नेही लेखन हा होता. अवतरणचिन्हे शक्यतो टाळावीत आणि मूल्याच्या दिसण्यावरून त्याचा प्रकार वाचणाऱ्या साधनाने ओळखावा, अशी त्याची रचना आहे. दिसण्यावरून ओळख पटवण्याचे जे दोष व्यवहारात असतात तेच येथेही उतरले आहेत.

२००५ सालच्या यामल १.१ या आवृत्तीनुसार अवतरणचिन्हाविना लिहिलेले ‘नो’ हे असत्य मूल्य आहे. देशांच्या दोन अक्षरी संकेतांत नॉर्वेचा संकेत नेमका याच दोन रोमन अक्षरांचा आहे. देशांच्या यादीत भारत, नेपाळ, नेदरलँड्स हे मजकूर म्हणून राहतात आणि नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ येते. प्रोग्रामरांच्या वर्तुळात ही अडचण ‘नॉर्वे प्रश्न’ याच नावाने ओळखली जाते. २००९ साली आलेल्या १.२ या आवृत्तीने सत्यासत्यासाठीच्या शब्दांची ही लांबलचक यादी आटोपती घेतली. परंतु मानक बदलले म्हणून साधने बदलतातच असे नाही. पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘पायवायएमएल’ ही लायब्ररी १.१ चेच नियम पाळते.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटत असेल तर महाराष्ट्र व गोव्यातील शहरांचे दूरध्वनी संकेतांक एखाद्या यामल फाइलीत लिहून पाहावेत. यामल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारी अंकमाला अष्टमान पद्धतीची संख्या मानली जाते, अर्थात तिच्यात आठ व नऊ हे अंक नसतील तरच. त्यामुळे पुण्याचा ०२० वाचला जातो तो १६ म्हणून, मुंबईचा ०२२ होतो १८, कोल्हापूरचा ०२३१ होतो १५३ आणि नागपूरचा ०७१२ होतो ४५८. पणजीच्या ०८३२ मध्ये आठ हा अंक असल्याने तो अष्टमान ठरू शकत नाही व मजकूर म्हणून सुखरूप राहतो. एकाच यादीतील काही ओळी संख्या होतात, काही मजकूर राहतात, आणि पणजीची ओळ तपासून पाहणाऱ्याला सर्व काही ठीक असल्याची खात्री पटते. दोष सर्वत्र सारखा असता तर तो पहिल्याच दिवशी सापडला असता.

युनिक्समधील फाइलींच्या परवानगीचा ०६४४ हा अंक यामल १.१ मध्ये ४२० होतो, आणि तेथे तेच अभिप्रेत असते, कारण परवानग्या अष्टमानातच लिहितात. यामल १.२ मध्ये तोच मजकूर ६४४ ही दशमान संख्या होतो. फाइल तीच, अक्षरे तीच, वाचणारे साधन बदलले की मूल्य बदलते. १.१ मध्ये दोन अंकगटांमध्ये अपूर्णविरामासारखे चिन्ह आले तर ते षष्टिमान मानले जाते. ‘२२:२२’ हे त्यामुळे १३४२ होते. तास, मिनिटे, सेकंद लिहिण्यासाठी केलेली ही सोय संगणकाच्या पोर्टक्रमांकांच्या जोड्या लिहिणाऱ्यांच्या मुळावर आली.

आवृत्तिक्रमांकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. स्वयंचलित चाचण्यांच्या यामल फाइलींत अनेकांनी ‘३.९’ च्या पुढे ‘३.१०’ लिहिले. यामलने ती दशांश संख्या मानली, आणि दशांश संख्येत शेवटच्या शून्याला किंमत नसल्याने तिचे ३.१ झाले. गणिताच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. चूक आहे ती आवृत्तिक्रमांकाला संख्या समजण्यात. दूरध्वनी संकेतांक, आसनक्रमांक, आवृत्तिक्रमांक यांची बेरीज वा सरासरी कोणी काढत नाही. ज्यावर अंकगणित करावयाचे नाही ते अंकांनी लिहिलेले असले तरी मजकूरच होय.

या प्रवृत्तीचा फटका अन्य विद्याशाखांनाही बसला आहे. एक्सेलमध्ये ‘२१ई०५’ असा रोमन ई असलेला आसनक्रमांक टंकित केल्यास तो घातांकी संख्या समजला जाऊन एकवीस लक्ष होतो, हा अनुभव परीक्षा विभागांना नवा नाही. जीवशास्त्रात ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी संक्षिप्त नावे असलेल्या जनुकांचे एक्सेलमध्ये दिनांक होत असत. २०१६ साली ‘जीनोम बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष आढळले. अखेर २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने आपल्या मार्गदर्शक नियमांत याची दखल घेतली आणि अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर झाले. एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ साली दिली. तोवर विज्ञानाने साधनाशी जुळवून घेतले होते.

५. स्वल्पविराम, टक्के आणि देवनागरी अंक

भारतीय पद्धतीने लिहिलेल्या रकमा हा आपल्याकडील विशेष धोका आहे. उत्पन्नाची मर्यादा म्हणून कार्यालयातील लेखनिकाने ‘८,००,०००’ असे लिहिणे अगदी स्वाभाविक आहे. पायथनचे ‘इंट’ हे फलन हा मजकूर नाकारते. जावास्क्रिप्टचे ‘पार्सइंट’ आणि सी भाषेतील ‘एटूआय’ मात्र पहिल्या अनोळखी चिन्हापर्यंत वाचतात व तेथे थांबतात. उत्तर येते ८. आठ रुपयांहून अधिक उत्पन्न असलेले सर्व अर्जदार अपात्र ठरतात आणि यंत्राकडून एकही तक्रार येत नाही. ‘एटूआय’ ला अंक नसलेला मजकूर दिला तर ते शून्य देते. खरे शून्य आणि न समजल्याचे शून्य यांत फरक करण्याचा मार्ग ते ठेवत नाही. सी मध्येच ‘स्ट्रटूएल’ हे फलन वाचन कोठे थांबले हेही सांगते, म्हणून तेच वापरणे इष्ट.

‘७५%’ असे लिहिले तर ‘कॉन्फिगपार्सर’ मध्ये वेगळीच गंमत होते. टक्क्याचे चिन्ह तेथे एका मूल्यात दुसरे मूल्य गुंफण्यासाठी राखून ठेवलेले आहे. म्हणून पूर्णांकात रूपांतर होण्यापूर्वीच त्रुटी येते आणि त्या त्रुटीसंदेशाचा टक्केवारीशी संबंध असेल असे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

देवनागरी अंकांचा प्रश्न मराठी वापरकर्त्यांसाठी अधिक जिव्हाळ्याचा आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने आहेत व ते दशमान अंक असल्याची नोंदही तेथे आहे. पायथन ३ चे ‘इंट’ आणि जावाचे ‘पार्सइंट’ ही नोंद मानतात, त्यामुळे देवनागरीत लिहिलेले ‘७५’ त्यांना पंचाहत्तर म्हणून समजते. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ हे फलन त्याला ‘संख्या नव्हे’ असे ठरवते, जेसॉनच्या व्याकरणात ते बसत नाही आणि यामल त्याला मजकूर मानते. एकच फाइल दोन भाषांतील प्रोग्राम वाचत असतील तर एकाला मर्यादा कळेल, दुसऱ्याला कळणार नाही. मराठी कार्यालयासाठी प्रणाली करणाऱ्याने देवनागरी अंक स्वीकारावयाचे की नाकारावयाचे हे आधीच ठरवावे. स्वीकारणे अधिक योग्य, कारण लिहिणाऱ्याची त्यात काहीच चूक नाही.

‘संख्या नव्हे’ या मूल्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. पायथनचे ‘फ्लोट’ हे फलन ‘नॅन’ आणि ‘इन्फिनिटी’ हे शब्दही वैध दशांश म्हणून स्वीकारते. ‘नॅन’ शी कोणत्याही संख्येची लहानमोठेपणाची तुलना असत्यच येते. उपस्थितीची मर्यादा ‘नॅन’ झाली तर एकही विद्यार्थी मर्यादेखाली सापडणार नाही. म्हणून रूपांतर यशस्वी झाले एवढ्याने भागत नाही, मूल्य अपेक्षित पल्ल्यात आहे का हेही पाहावे लागते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतबाहेर नष्ट झाले, त्याच्या मुळाशी ६४ बिटांच्या दशांश मूल्याचे १६ बिटांच्या पूर्णांकात केलेले आणि त्या पल्ल्यात न मावलेले रूपांतर होते.

रकमांबाबत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. फाइलीतील ‘०.१’ हा मजकूर दशमानात पूर्णतः अचूक असतो, तर द्विमान दशांशात त्याचे केवळ निकटचे मूल्य साठवता येते. त्यामुळे शुल्काचे मूल्य मजकुरातून थेट ‘डेसिमल’ प्रकारात न्यावे, वाटेत ‘फ्लोट’ ला थांबवू नये. यामल व जेसॉन यांचे वाचक हे मधले स्थानक सहसा स्वतःहून घेतात. पायथनच्या जेसॉन वाचकाला मात्र दशांशांसाठी दुसरे फलन सुचवता येते.

६. एकके

‘टाइमआउट = ३०’ या ओळीत पूर्णांक आहे, पण तीस काय? पायथनमधील बहुतेक फलने सेकंद मानतात, जावास्क्रिप्टचे ‘सेटटाइमआउट’ मिलिसेकंद मानते. चलाच्या नावातच एकक गुंफणे हा यावरचा साधा उपाय आहे. पीएचपीमध्ये एकक मूल्यालाच चिकटवलेले असते. मूडल वापरणाऱ्या महाविद्यालयांना फाइल चढवण्याची मर्यादा वाढवताना या ओळींशी झटावे लागते. ‘२एम’ म्हणजे दोन मेगाबाइट, येथवर ठीक. हाच मजकूर पूर्णांकात सरळ बदलला तर केवळ २ उरतात. कोणी हौसेने ‘२एमबी’ लिहिले तर शेवटचे रोमन बी हे अक्षर अनोळखी ठरून मर्यादा दोन बाइटची होते. पीएचपी ८.२ पासून निदान याबद्दल इशारा तरी मिळतो.

७. रूपांतर कोठे व कसे करावे

वरील दोषांत एक साम्य आहे. मूल्याचा प्रकार एक तर जेथे वापर होईल तेथे, प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवला गेला, किंवा ज्याला हेतू ठाऊक नाही अशा वाचकसाधनाने तो अदमासाने ठरवला. यांऐवजी प्रणाली सुरू होतानाच एका जागी सर्व मूल्ये वाचून, त्यांचे रूपांतर व तपासणी करून, पुढे फक्त रूपांतरित मूल्येच वापरण्याची पद्धत अनुसरावी. प्रत्येक मूल्याचे नाव, प्रकार, पल्ला व ते अनिवार्य आहे की ऐच्छिक, याचे एकच कोष्टक प्रोग्राममध्ये असावे. पायथनमधील ‘पायडँटिक’ सारखी साधने नेमके हेच करतात. २०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सुरू केलेले व २०२१ च्या जानेवारीत १.० आवृत्तीस पोहोचलेले टॉमल हे स्वरूपही येथे उपकारक आहे. त्यात मजकूर अवतरणचिन्हांतच लिहावा लागतो, सत्यासत्यासाठी दोनच शब्द आहेत, शून्याने सुरू होणारा दशमान पूर्णांक अवैध आहे. पुण्याचा संकेतांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर फाइल वाचलीच जात नाही. पायथन ३.११ पासून त्याचा वाचक प्रमाणित संचात आहे. तथापि टॉमललाही पल्ला व एकक कळत नाही, ते काम कोष्टकाचेच.

ऐच्छिक मूल्यांबाबत दक्षता हवी. नोंद मुळातच नसणे, नोंद असून रिकामी असणे आणि नोंद असून चुकीची असणे या तीन भिन्न अवस्था आहेत. पूर्वनिश्चित मूल्य फक्त पहिल्या अवस्थेत लागू करावे. पुष्कळ प्रोग्राम तिन्ही अवस्थांत तेच वापरून पुढे जातात. मग कोणी ‘८०’ च्या जागी चुकून रोमन ओ हे अक्षर टंकले, तर प्रणाली जुन्याच ७५ वर चालत राहते आणि नियम बदलल्याचे परिपत्रक फलकावर लागलेले असते.

चुकीचे मूल्य आढळल्यास प्रणालीने सुरू होण्यास नकार द्यावा. यावर प्रवेशाच्या दिवशी सकाळी प्रणाली बंद पडली तर काय, असा आक्षेप घेतला जातो. बंद पडलेली प्रणाली तासाभरात दुरुस्त होते. चुकीच्या मर्यादेने लागलेली गुणवत्तायादी मागे घेणे तितके सोपे नसते, आणि ज्याचे नाव त्यात नव्हते तो विद्यार्थी तोवर अन्यत्र गेलेला असतो. नकार देताना फाइलीचे नाव, नोंदीचे नाव, आढळलेला मजकूर आणि अपेक्षित प्रकार हे चारही सांगावे व सर्व दोष एकदमच दाखवावेत, म्हणजे एक दुरुस्त करून दुसऱ्यासाठी पुन्हा थांबावे लागणार नाही. संदेश मराठीत असल्यास उत्तम : ‘किमान_उपस्थिती या नोंदीत “७५%” आढळले, ० ते १०० मधील पूर्णांक अपेक्षित आहे.’ आढळलेला मजकूर छापण्याच्या या नियमाला संकेतशब्द व गुप्त किल्ल्या यांचा अपवाद करावा. तेथे नोंदीचे नाव तेवढे सांगावे, कारण त्रुटीसंदेश नोंदवहीत राहतात आणि ती नोंदवही अनेकांच्या हाती जाते.